काचेखालच्या बशीतलं माझं यकृत

माझं यकृत दोन ठिकाणी आहे. एक जिथे असायला हवं तिथे, उजव्या बरगडीखाली. दुसरं पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत, झाकणाच्या छोट्याशा बशीत. हे मी पहिल्यांदा माझ्या जावेला सांगितलं तेव्हा तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. तिचं काही चुकलं नाही, मलाही खरं वाटायला बराच वेळ लागला.

मी मारुंजीत डबे करते. हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारी पोरंपोरी इथे भाड्याने राहतात, त्यांना दोन वेळचं जेवण पोचवायचं हा माझा धंदा. माहेर नेऱ्याचं, मेंढरं-शेळ्या राखणाऱ्या धनगराचं. शिक्षण बारावी. आजाराबद्दल लिहायचा माझा अधिकार एवढाच की मी त्यातून उठले. हॉस्पिटलात असताना असं काही आपल्या भाषेत लिहिलेलं मिळतंय का म्हणून मी फार शोधलं, मिळालं नाही. "तुमच्या यकृतात तांबं साठतंय" असं ज्यांना डॉक्टरांनी नुकतंच सांगितलंय त्यांनी हे वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

वाकडी अक्षरं

डब्यांवर मी मार्करने नावं लिहिते. अक्षर चांगलं आहे माझं, शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उभं करायचे. एका पावसाळ्यात ते बिघडायला लागलं. हात थरथरायचा, अक्षरं एकमेकांवर चढायची. एका शुद्ध शाकाहारी मुलीला अंडाकरी गेली आणि दिवसभर माझा फोन वाजत राहिला. मग घोटे सुजले. जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. माझा नवरा संतोष कंपनीची बस चालवतो, तो म्हणाला, दोन दिवस सुट्टी घे. मी म्हटलं, पोरं काय तुझ्या बसमध्ये जेवणार आहेत का.

शेवटी डबा घ्यायला आलेल्या एका मुलानेच सांगितलं की काकू, तुमचे डोळे पिवळे दिसतायत.

नेऱ्यात काविळीवर एकच रस्ता. एका झाडपाल्याच्या काड्यांची छोटी माळ करून डोक्यावर ठेवतात. काड्या सुकतात तशी माळ लांब होते, डोक्यावरून गळ्यात आणि गळ्यातून छातीवर उतरते. ती उतरली की कावीळ उतरली. माझी माळ बेंबीपर्यंत पोचली, कावीळ मात्र डोळ्यांतच ठाण मांडून बसली.

आईने तिच्या परीने दुसरा उपाय चालू केला. आठवड्यातून दोनदा ती बकऱ्याचं काळीज निखाऱ्यावर भाजून पाठवायची. लिव्हर बिघडलंय तर लिव्हर खाऊ घाला, तिचं गणित सरळ होतं. मी माझी अक्कल वेगळी चालवली. डबे घेणाऱ्या एका मुलीने सांगितलं होतं की तांब्याच्या भांड्यातलं पाणी पोट साफ ठेवतं. मी तोटीचं तांब्याचं पिंप आणलं, रात्री भरून ठेवायचे आणि सकाळी उठल्या उठल्या चार ग्लास प्यायचे. वर सगळ्यांना तोच उपदेश.

पाणी कशातून पिता

पुण्यातल्या हॉस्पिटलात यकृताचे डॉक्टर होते, वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी पोट दाबून पाहिलं, मला एक ओळ लिहायला लावली, मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डोळ्यांच्या बाईंनी भिंगातून पाहिलं आणि शिकाऊ पोरांना एकेक करून बोलावून माझे डोळे दाखवले. माझ्या बुबुळाभोवती तपकिरी-हिरवट कडं आहे म्हणे. आयुष्यात पहिल्यांदाच माझे डोळे बघायला रांग लागली होती.

मग पाच लिटरचा कॅन. चोवीस तासांची सगळी लघवी त्यात गोळा करायची, थेंब वाया घालवायचा नाही. लाज पहिल्या दोन तासांत संपते, हे नव्याने जाणाऱ्यांना सांगून ठेवते. नंतर तो कॅन आपण पाण्याच्या बाटलीसारखा घेऊन फिरतो.

निदानाच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कशातून पिता?"

मी मोठ्या अभिमानाने पिंपाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खाण्याचं विचारलं, मी काळजाचंही सांगितलं. मग त्यांनी समजावलं. आपण खातो त्यात थोडं तांबं असतंच. जास्तीचं तांबं यकृत बाहेर टाकतं. माझ्या यकृताला ते जन्मापासून जमत नाही, म्हणून ते साठत गेलंय, यकृतात आणि आता थोडं मेंदूतही. पिंपामुळे आजार झालेला नाही. इतरांना त्याने काही होत नाही. पण माझ्या बाबतीत ते पिंप आणि ते काळीज म्हणजे आगीत तेल होतं.

मग त्यांनी विचारलं, सख्खी भावंडं किती? मी सांगितलं, तीन होतो. थोरली मंगल पंधरा वर्षांची असताना काविळीने गेली. मी तेव्हा नऊ वर्षांची. घरात सगळे म्हणाले कुणीतरी करणी केली, आणि चुलत घराशी आमचं बोलणं बंद झालं ते आजपर्यंत. डॉक्टरांनी मंगलचं नाव आणि वय कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, तुम्ही वेळेत आलात, गोळ्यांनी तुम्ही सावराल. पण धाकट्या भावाला ताबडतोब घेऊन या.

मी रडले ती तेव्हा. माझ्यासाठी रडले असं लिहायला बरं दिसलं असतं, पण मला सोपान दिसत होता, मेंढरांमागे काठी घेऊन चाललेला, सव्वीस वर्षांचा.

वॉर्डात

तीन आठवडे होते. सकाळी सहाला रक्त, सातला वजन, साडेआठला बिनमिठाची डाळ. मी स्वयंपाक करून पोट भरणारी बाई, त्या डाळीने माझा जेवढा अपमान केला तेवढा आजाराने केला नाही. गोळी उपाशीपोटी घ्यायची. पहिले काही दिवस हात जास्तच थरथरायला लागले, तसं होऊ शकतं असं आधी सांगितलेलं असूनही मी घाबरले. भीती दुपारी यायची, भेटायला आलेले गेल्यावर. मी भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि उद्या कुणाच्या डब्यात कुठली भाजी याची मनात यादी करायचे. जावेने माझे डबे बंद पडू दिले नाहीत. तिच्याशी मी वर्षानुवर्षं कुरबुर केली होती. तिने ती एकदाही काढून दाखवली नाही, हे इथे लिहून ठेवते.

सोपान रोज यायचा, तपासणी सोडून सगळं करायचा. औषधं आणायचा, माझे पाय चेपायचा. तपासणीचं काढलं की बाहेर बघायचा. त्याचं लग्न जमत आलं होतं, जांब्याचं स्थळ होतं. आमच्या लोकांत एकदा का रक्तात खोट आहे अशी कुजबुज सुरू झाली की संपलं. आई उघड उघड त्याच्या बाजूने होती.

"एक गेली, एक हितं पडलीया," ती मला म्हणाली. "तिसऱ्याला तरी सुईपासून लांब ऱ्हाऊ दे."

"मला काय झालंय आक्का," सोपान म्हणायचा. "दिसाला दहा कोस चालतुया मी."

तो खरंच चालत होता.

तन्वी

घरी सोडायच्या आदल्या दिवशी एक पोरगी माझ्या खाटेशी आली. पाठीला सॅक, केस कसेतरी बांधलेले. डॉक्टर तन्वी, पण सुई टोचणारी डॉक्टर नाही, प्रयोगशाळेतली. तिला माझं थोडं रक्त हवं होतं.

तिने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. बाळ पोटात अगदी सुरुवातीला असतं तेव्हा त्याच्या पेशींनी काय व्हायचं ते ठरलेलं नसतं. मग कुणी हाड होतं, कुणी कातडी, कुणी यकृत. एकदा झालं की माघार नाही असं पूर्वी शास्त्रज्ञही समजत होते. आता त्यांना माघारी नेण्याची रीत सापडली आहे. रक्तातली पेशी घ्यायची, तिला त्या काहीच न ठरलेल्या वयात परत न्यायची आणि मग दिवसेंदिवस योग्य ते खाद्य देत तिला यकृताच्या वाटेला लावायचं. म्हणजे माझं पोट न फाडता माझ्याच यकृताच्या पेशी बशीत वाढतील. त्यांच्यावर नवी औषधं तपासता येतील, मला धोका न होता.

मग तिने कागद वाचून दाखवला. त्यात स्पष्ट होतं की याचा तुम्हाला उपचार म्हणून उपयोग होणार नाही. मी भडकले. उपयोग नाही तर कशाला देऊ, मी काय रक्ताचं दुकान काढलंय? ती चिडली नाही. तेच वाक्य तिने पुन्हा वाचलं आणि म्हणाली, ताई, हे नीट समजल्याशिवाय सही करू नका. मला खोटी आशा न दाखवता बोलणारी ती त्या महिन्यातली पहिलीच भेटली होती. शिवाय मंगलचं काहीच राहिलेलं नव्हतं, एक धड फोटोसुद्धा नाही. माझं काहीतरी कुणीतरी जपून ठेवतंय, हे मला बरं वाटलं. मी सही केली.

पुढे दर तपासणीला गेले की मी तिच्याकडे डोकवायचे. पहिल्या खेपेच्या पेशींना बुरशी लागली आणि चार महिन्यांचं काम एका सकाळी टाकून द्यावं लागलं. ती सांगताना हसत होती, पण डोळे सुजलेले होते. दुसऱ्या दिवसापासून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या पेशींना रोज ठरल्या वेळी जुनं पाणी काढून नवं द्यावं लागतं, रविवार नाही, दिवाळी नाही. भाऊबीजेला ती सकाळी पेशींचं करून मग भावाकडे गेली. घरात जनावर असलेल्या माणसालाच हे कळेल. आमच्या घरातही कुठल्या लग्नाला सगळे मिळून कधी गेले नाहीत, कुणीतरी मेंढरांपाशी थांबलेलंच असायचं. शिकलेल्या माणसांची कामं सावलीतली आणि सुट्टीची असतात, असं मी धरून चालले होते. तन्वीने माझा तो गैरसमज मोडला.

आठव्या महिन्यात तिने मला अंगात डगला घालून, डोक्याला टोपी बांधून आत नेलं. सूक्ष्मदर्शकाच्या काचेला डोळा लावायला सांगितलं. भर दुपारी उन्हाला मेंढरं एकमेकांत डोकी खुपसून दाटीने उभी राहतात, तशा त्या उभ्या होत्या, कोनाकोनाच्या, मध्ये जागा न ठेवता. तन्वी म्हणाली, या यकृतासारखंच काम करतात, फक्त तुमची खोडही यांच्यात आहे. तांबं दिलं की धरून ठेवतात.

मला वाटलं, ओळख द्यावी. मग वाटलं, काय वेडी आहे मी. तरीही मी काचेशी बराच वेळ वाकून राहिले.

पिवळी मेंढरं

तन्वीला आता तुलनेसाठी घरातल्याच एका निरोगी माणसाच्या पेशी हव्या होत्या. शक्यतो सख्खा भाऊ. मला आयतंच सापडलं. तुझ्यासाठी नको, माझ्यासाठी रक्त दे, असं मी सोपानला म्हटलं. मनातून मला त्याची तपासणीच व्हायला हवी होती. रक्त दिलं की आधी ती होणारच होती, हे तन्वीने त्याला फोनवर स्वतः सांगितलं आणि माझा डाव उघडा पडला. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

पाचव्या दिवशी मला न्यायला तो प्रयोगशाळेच्या दारात मोटरसायकल घेऊन आला. तन्वी त्याला रक्ताचं काहीच बोलली नाही. फक्त म्हणाली, दादा, ताईंच्या पेशी बघायच्यात का? कुतूहल माणसाला आत ओढतं. काचेच्या दाराअलीकडे, पडद्यावर तिने त्याला फोटो दाखवले. हा तांबं द्यायच्या आधीचा, हा दिल्यानंतर आठ दिवसांचा, हा त्यापुढचा. आठव्या दिवसापर्यंत काही फरक दिसत नव्हता. पुढच्या फोटोत पेशी फुटून विखुरल्या होत्या.

सोपान बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मेंढरांचं बी असंच असतंय का?"

तन्वीला कळलं नाही. त्याने सांगितलं. दोन वर्षांमागे गाईसाठी आणलेलं खनिज मिश्रण त्याने मेंढरांनाही चारलं होतं, अंगाने भरावीत म्हणून. चार महिने मेंढरं झकास होती. मग एका सकाळी तीन पिवळी पडली आणि संध्याकाळपर्यंत मेली. जनावरांचे डॉक्टर त्याला ओरडले होते. गाईच्या खुराकात तांबं असतं, गाय ते पचवते, मेंढराला ते बाहेर टाकता येत नाही. ही गोष्ट त्याने घरात कुणालाच सांगितली नव्हती, मलाही नाही. तन्वी म्हणाली, मला मेंढरांचं ठाऊक नाही, मी वाचून सांगते. आणि तिथेच उभं राहून तिने वाचलं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "तसंच होतं."

"आदल्या दिशी चरत हुती," सोपान म्हणाला. तो आमच्याकडे बघत नव्हता. "तिन्ही. पोटभर चरली, डोंगर चढली. मी सोता बगितलं."

मला वर्षभर जे सांगता आलं नव्हतं ते त्याचं त्यालाच सापडलं होतं. त्याने बाही वर केली आणि विचारलं की कुठं बसू.

स्थळ

आजार त्यालाही होता. आमच्या तिघांनाही होता. यकृतात तांबं भरपूर साठलेलं होतं, पण अजून मोडतोड फारशी नव्हती. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडी वर्षं गेली असती तर मी तुम्हाला वेगळं काही सांगत असतो. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, शेंगदाणे कमी करायचे, काळीज बंद. धनगराच्या पोराला हे सांगणं म्हणजे शिक्षाच.

सोपान स्वतः जांब्याला जाऊन मुलीच्या वडिलांना सगळं सांगून आला. मी म्हटलं होतं थोडं थांब, मध्यस्थाकरवी सांगू. तो म्हणाला, आमी लपिवलं म्हणूनच मंगल गेली असं समज. मंगलचं कुणी काही लपवलं नव्हतं, कुणाला माहीतच नव्हतं, पण मी वाद घातला नाही. आठ दिवसांत नकार आला.

आईने याचं खापर माझ्यावर फोडलं. मी माहेरी गेले की ती उठून गोठ्यात जायची. माझ्या हातचा चहा घेत नसे. मला याचा किती त्रास झाला ते आजारपणात मोजता येत नाही, कुठल्या तपासणीत येत नाही. जे या वाटेवर आहेत त्यांना एवढंच सांगते की घरात भांडणं होतील, आणि बरोबर असूनही आपण वाईट ठरू. स्थळ गेलं, भाऊ राहिला, असं मी मनाशी म्हणत दिवस काढले.

आई

वर्षाने सोपानचे रिपोर्ट चांगले आले. त्या दिवशी आई पहिल्यांदाच बरोबर आली होती, का ते तिने सांगितलं नाही. डॉक्टरांनी तिला आकडे समजावून सांगितले. तिने ते ऐकले आणि एकच विचारलं.

"माज्या थोरलीच्या टायमाला ह्या गोळ्या न्हवत्या व्हय?"

डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाले, "गोळ्या होत्या, आई. आजार कुणाला ओळखता आला नाही."

बाहेर आल्यावर आई बाकड्यावर बसली. सोपान पाणी घेऊन आला, ते तिने हातात धरून ठेवलं. तेवढ्यात तन्वी भेटायला आली. तिचं काम अडलेलं होतं. निरोगी म्हणून घेतलेला भाऊच आजारी निघाल्यावर तुलनेला माणूस उरला नव्हता. ते आईसमोर बोलावं की नाही अशा विचारात ती होती, पण आईनेच तिला विचारलं की हे पोरांच्यात आलं कुठून.

तन्वीने खरं ते सांगितलं. प्रत्येकाकडे तांबं बाहेर कसं टाकायचं त्या कृतीच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. तुमच्याकडे एक चांगली आणि एक बिघडलेली आहे, त्यांच्या वडिलांचंही तसंच असणार. चांगलीवर तुमचं सगळं नीट चाललं, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. मुलांना दोघांकडून नेमकी बिघडलेली मिळाली. यात कुणाचा दोष नसतो.

"मग चांगली माज्यात अजून हाय?" आईने विचारलं.

तन्वी म्हणाली, आहे. आणि मग तिने धीर करून सांगितलं की तुमच्या रक्तातून तशा पेशी वाढवता येतील, ताईंच्या पेशींशेजारी ठेवून कुठे काय अडतं ते बघता येईल. कागदावरचं ते वाक्यही तिने सांगितलं, की याचा तुमच्या मुलांना आत्ता काही उपयोग होणार नाही. आईने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. समजलं, अशी मान हलवली.

सुईपासून पोरांना लांब ठेवणारी माझी आई खुर्चीत जाऊन बसली आणि पदर खांद्यावर घेऊन तिने दंड पुढे केला.

"वाईट तेवढं पोरांना गेलं," ती तन्वीला म्हणाली. "चांगलं माज्यापाशीच ऱ्हायलं. ते आता तुमी घ्या."

तन्वी म्हणाली, थोडंच लागेल. आई म्हणाली, लागंल तेवढं घ्या. रबर बांधलं, सुई आत गेली, आणि नळी भरेपर्यंत आईने सुईवरची नजर हलवली नाही.